उन्हाळ्यात आपला हॉकी संघ सुधारला की बिघडला? ट्रेड आणि डेप्थ तपासायची रीत

24 जून 2024 च्या रात्री आमच्या शहराचा संघ एडमंटन ऑयलर्स एनएचएलच्या विजेतेपदाच्या, म्हणजे स्टॅनले कपच्या, सात सामन्यांच्या फायनलमधल्या सातव्या सामन्यात फ्लोरिडा पँथर्सकडून 2-1 असे हरले. 0-3 अशा पिछाडीवरून 3-3 पर्यंत ओढून आणलेली फायनल हातातून गेली. बरोबर एका आठवड्यानं, 1 जुलैला, कॅनडा डेच्या सुट्टीत आमच्याकडे मंडळातली चार कुटुंबं जेवायला होती. श्रीखंड-पुरी चालू असताना फोन वाजायला लागले: जेफ स्किनर आला, व्हिक्टर आर्विडसन आला. दोघंही गोल करणारे विंगर, म्हणजे कडेनं खेळणारे फॉरवर्ड, आणि दोघंही परवडणाऱ्या पैशात. सगळ्यांचं एकमत झालं की पुढचा कप आपलाच.

दीड महिन्यात चित्र पालटलं. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात दोन तरुण खेळाडू सेंट लुईसला गेले आणि ते का गेले, हे आमच्यापैकी कुणालाच नीट सांगता येईना. मला ती गोष्ट फार लागली. मी या शहरात 2019 साली आलो, सामने मनापासून बघत होतो, पण संघ कसा बांधतात याची अक्षरओळखही मला नव्हती. 2024 च्या त्या उन्हाळ्यानंतर बसून शिकलो. नव्यानं आलेल्या मराठी मंडळींना तो गोंधळ पडू नये म्हणून हे लिहितो आहे.

हॉकी म्हणजे इथे बर्फावरची हॉकी आणि लीग म्हणजे एनएचएल. ट्रेड म्हणजे संघांमधली खेळाडूंची अदलाबदल, आणि डेप्थ म्हणजे मुख्य खेळाडू बाहेर गेला तर त्याची जागा घेऊ शकणारे मागचे खेळाडू. 32 संघ आहेत. 2025-26 पर्यंत प्रत्येक संघ हंगामात 82 सामने खेळत आला, 2026-27 पासून 84 ठरले आहेत.

काय काय जवळ हवं

- एक वही. मोबाइलवर लिहिलेलं पुढच्या जुलैत सापडत नाही.
- मागच्या हंगामातल्या शेवटच्या सामन्याची उतरलेल्या खेळाडूंची यादी. लीगच्या स्वतःच्या संकेतस्थळावर प्रत्येक सामन्याची असते.
- करार आणि कॅपच्या (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) आकड्यांसाठी पकपीडिया हे संकेतस्थळ. पूर्वी सगळे कॅपफ्रेंडली वापरत, पण ते 2024 मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सनं विकत घेतलं आणि लोकांसाठी बंद केलं. जुन्या लेखांमधले त्याचे दुवे आता उघडत नाहीत.
- खेळाडूंचे जुने आकडे बघायला हॉकी-रेफरन्स, आणि पाच विरुद्ध पाच खेळातले आकडे बघायला नॅचरल स्टॅट ट्रिक.
- प्रत्येक खेळाडूची जन्मतारीख. ही सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी माहिती.

## 1. आधी वेळापत्रक समजून घ्या

जूनच्या शेवटी ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ आळीपाळीनं नवे तरुण खेळाडू निवडतात, सात फेऱ्यांत. निवडीची ही पाळी म्हणजे त्या फेरीचा हक्क, आणि तो ट्रेडमध्ये देता-घेता येतो. त्याच सुमारास संघ नको असलेले करार पैसे देऊन मोडतात, त्याला बायआउट म्हणतात. 1 जुलैला दुपारी बारा वाजता, टोरंटोच्या वेळेनं, फ्री एजंटचा, म्हणजे करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंचा, बाजार उघडतो. जुलैच्या उत्तरार्धात पगाराच्या वादांचे लवाद चालतात, सप्टेंबरच्या मध्यात सराव शिबिर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला हंगाम.

नवखा माणूस 1 जुलैला मत बनवतो आणि तिथेच थांबतो. ऑगस्ट शांत असतो म्हणून कुणी बघत नाही. ऑयलर्सचा 2024 चा उन्हाळा ऑगस्टमध्येच फिरला.

## 2. बातम्या उघडण्याआधी वीस नावं लिहा

सामन्याला 20 जण उतरतात: साधारणपणे 12 फॉरवर्ड, 6 बचावपटू आणि 2 गोलरक्षक. फॉरवर्ड तिघातिघांच्या चार लाइनींत (मध्ये सेंटर, दोन्ही कडांना विंगर) खेळतात, बचावपटू जोड्यांनी. संघाच्या मुख्य यादीत जास्तीत जास्त 23 जण ठेवता येतात. म्हणजे जवळ बसवून ठेवलेले जादा खेळाडू फार तर तीन. बाकीचे खालच्या लीगमध्ये, एएचएलमध्ये. ऑयलर्सचा तिथला संघ कॅलिफोर्नियात बेकर्सफिल्डला आहे.

हे लिहायला मला शेजारच्या आजोबांनी शिकवलं. त्यांनी आयुष्यभर एका रिंकवर बर्फ तयार करायचं काम केलं. ते दर जूनमध्ये कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला चार लाइनी, तीन जोड्या आणि दोन गोलरक्षक असा तक्ता काढतात आणि नावापुढे वय लिहितात. उन्हाळाभर जाणाऱ्याचं नाव खोडायचं आणि येणाऱ्याचं त्याच चौकटीत लिहायचं. तुम्हीही असंच करा. चौकट महत्त्वाची. नवा विंगर आला आणि तिसऱ्या लाइनीचा सेंटर गेला, तर सेंटरची चौकट रिकामीच दिसली पाहिजे. नुसती नावांची यादी केली की ही रिकामी जागा झाकली जाते.

## 3. कॅपचं गणित टक्क्यांत मांडा

2004-05 चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादात रद्द झाला. त्यातून 2005-06 पासून सॅलरी कॅप आली, सुरुवातीला 3 कोटी 90 लाख डॉलरची. आयपीएलच्या पर्ससारखी समजा, फरक इतकाच की ही लिलावाच्या दिवसापुरती नसून वर्षभर पाळावी लागते. महामारीच्या काळात ती 8 कोटी 15 लाखांवर तीन हंगाम अडकून पडली होती. पुढे 2024-25 ला 8 कोटी 80 लाख झाली, 2025-26 ला 9 कोटी 55 लाख, आणि 2026-27 साठी 10 कोटी 40 लाख जाहीर झाली.

म्हणून करार डॉलरमध्ये तोलू नका. ऑयलर्सचा मुख्य खेळाडू कॉनर मॅकडेव्हिड, त्याचा करार घ्या. 2018-19 मध्ये त्याचे 1 कोटी 25 लाख सुरू झाले तेव्हा कॅप 7 कोटी 95 लाख होती, म्हणजे एकट्याला जवळपास 15.7 टक्के. ऑक्टोबर 2025 मध्ये त्यानं त्याच रकमेवर आणखी दोन वर्षांची सही केली. 2026-27 च्या कॅपमध्ये ते 12 टक्के होतात. रक्कम तीच, पण संघाला साडेतीन टक्क्यांहून जास्त जागा मोकळी. त्या जागेत तिसऱ्या लाइनीचा चांगला खेळाडू बसतो. कॅप वाढत असताना गेल्या वर्षीच्या दरानं एखाद्या कराराला महाग म्हणणं, म्हणजे जुन्या भावानं आजची भाजी तोलणं.

यातले तीन बारकावे लक्षात ठेवा.

उन्हाळ्यात संघ कॅपच्या 10 टक्के वर जाऊ शकतो. त्यामुळे जुलैत सगळं बसलेलं दिसतं. हिशेब ऑक्टोबरच्या पहिल्या यादीचा करा.

ट्रेड करताना खेळाडूचा अर्धा पगार जुना संघ स्वतःकडे ठेवू शकतो, आणि असे जास्तीत जास्त तीन करार एका वेळी चालतात. तेव्हा "60 लाखांचा खेळाडू" आपल्याला 30 लाखांत पडलेला असू शकतो. बातमीच्या मथळ्यात हे बऱ्याचदा नसतं.

लांबच्या दुखापतीच्या यादीवर खेळाडू गेला की संघाला कॅपमध्ये सूट मिळते. 2024-25 मध्ये एव्हँडर केन संपूर्ण साखळी हंगाम बाहेर होता आणि प्लेऑफला, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांना, परतला. तेव्हा प्लेऑफला कॅप लागू नव्हती. 2025-26 पासून प्लेऑफच्या प्रत्येक सामन्यात उतरणाऱ्या 20 जणांची बेरीज कॅपमध्ये बसवावी लागते. त्यामुळे "अमुक जण एप्रिलमध्ये परत येईल" या भरवशावर मांडलेला संघ आता जास्त कडकपणे तपासा.

## 4. गेला कोण, हे आधी. आला कोण, हे नंतर

ही पायरी मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन करतो. आलेल्या माणसाचा फोटो असतो, जर्सी असते, मुलाखत असते. गेलेल्याची एका ओळीची बातमी असते.

2024 चाच उन्हाळा उभा दोन रकान्यांत मांडू. फक्त फॉरवर्ड घेतो.

गेले: वॉरेन फोगेल 1 जुलैला लॉस एंजेलिसला, रायन मॅक्लाउड 5 जुलैला बफेलोला, डिलन हॉलोवे ऑगस्टमध्ये सेंट लुईसला. आले: स्किनर, आर्विडसन, आणि ऑगस्टमध्ये व्हँकुव्हरकडून चौथ्या फेरीच्या हक्काच्या बदल्यात व्हासिली पॉडकोल्झिन. मॅक्लाउडच्या बदल्यात मॅथ्यू सॅव्हॉय मिळाला, पण तो 20 वर्षांचा होता आणि ते वर्ष बहुतेक बेकर्सफिल्डमध्येच काढणार होता.

जाणाऱ्या तिघांनी 2023-24 मध्ये मिळून 38 गोल केले होते: फोगेल 20, मॅक्लाउड 12, हॉलोवे 6. एकट्या स्किनरनं 24 केले होते. या आकड्यांवर बघितलं तर ऑयलर्सचा व्यवहार फायद्याचा वाटतो, आणि मलाही वाटला. पुढच्या हंगामात काय झालं? फोगेल 24, मॅक्लाउड 20, हॉलोवे 26. मिळून 70. स्किनर 16, आर्विडसन 15, पॉडकोल्झिन 8. मिळून 39.

हे आधी कळणं शक्य होतं का? पूर्ण नाही. हॉलोवे एका हंगामात 63 गुणांवर (गोल आणि गोलाला दिलेले पास मिळून) जाईल असं मी तरी सांगितलं नसतं. पण दिशा कळत होती, कारण वयं समोर होती. स्किनर 32, आर्विडसन 31, आणि आर्विडसन आदल्या हंगामात दुखापतींमुळे 18 सामनेच खेळला होता. मॅक्लाउड 24, हॉलोवे 22. फॉरवर्डचा बहर साधारण पंचविशीच्या आसपास असतो आणि तिशी ओलांडली की उतार लागतो. अपवाद असतात. कोरी पेरीनं चाळिशीला टेकलेला असताना त्याच 2024-25 मध्ये 19 गोल केले आणि प्लेऑफमध्ये आणखी 10. पण असा अपवाद आपल्याच संघात सापडेल, हे धरून उन्हाळ्याचा हिशेब मांडता येत नाही.

दुसरी गोष्ट बर्फावरच्या वेळेची. मॅक्लाउड आणि हॉलोवे ऑयलर्समध्ये खालच्या लाइनींत खेळत होते आणि जास्त माणूस घेऊन खेळायचे मिनिट, म्हणजे पॉवरप्ले, त्यांच्या वाट्याला फारसे येत नव्हते. अशा खेळाडूचे गोल कमी दिसतात. नव्या संघात मिनिटं वाढली की आकडेही वाढतात. म्हणून तुलना करताना एकूण गोल बघू नका, पाच विरुद्ध पाच खेळात दर 60 मिनिटांना किती, ते बघा.

प्रत्येक ट्रेडसाठी मी वहीत पाचच गोष्टी लिहितो: वय, कराराची उरलेली वर्षं, कॅपमधला टक्का, कोणत्या चौकटीत खेळणार, आणि करारात बदली नाकारायचा हक्क आहे का. हा शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात. तसा हक्क असलेला खेळाडू पुढे नकोसा झाला तरी त्याच्या संमतीशिवाय हलवता येत नाही.

वयाचा धडा त्याहून मोठ्या ट्रेडमध्ये बघायचा असेल तर 22 जुलै 2022 चा घ्या. कॅलगरीनं मॅथ्यू कचुक फ्लोरिडाला दिला आणि बदल्यात जोनाथन ह्युबरडो, मकेंझी वीगर, आणखी एक तरुण खेळाडू आणि पहिल्या फेरीचा एक हक्क घेतला. ह्युबरडोनं नुकतेच 115 गुण केले होते. नावं मोजली तर कॅलगरीला जास्त मिळालं. पण कचुक 24 वर्षांचा होता आणि त्याचे 95 लाखांचे आठ हंगाम 32 व्या वर्षापर्यंत जाणार होते. ह्युबरडोला कॅलगरीनं 1 कोटी 5 लाखांचे आठ हंगाम दिले, जे वयाच्या तिशीला सुरू होणार होते. कॅलगरीतल्या पहिल्या वर्षी त्याचे गुण 55 वर आले. कचुकनं 109 केले. फ्लोरिडा त्यानंतर लागोपाठ तीन फायनल खेळलं आणि 2024, 2025 चे कप घेऊन गेलं. चार वस्तू देऊन एक घेणारा नेहमी फसतो असं नाही. ट्रेडमधला सगळ्यात चांगला खेळाडू पुढची पाच वर्षं कुणाकडे राहणार, हे विचारा.

## 5. करार संपलेले तरुण: ऑगस्टचा सापळा

आता ऑगस्टमध्ये सेंट लुईसला गेलेल्या त्या दोन तरुणांची गोष्ट, कारण इथेच बहुतेक नवख्यांची गाडी अडते.

तरुण खेळाडूचा पहिला करार संपला की तो लगेच मोकळा होत नाही. संघानं त्याला ठरलेली किमान ऑफर दिली की तो आरएफए होतो, म्हणजे बांधील फ्री एजंट. पूर्ण मोकळं व्हायला साधारणपणे 27 वर्षं वय किंवा सात हंगाम लागतात. आपल्याला वाटतं, बांधील आहे म्हणजे आपलाच आहे. पण दुसरा संघ त्याला ऑफर शीट देऊ शकतो. खेळाडूनं त्यावर सही केली की मूळ संघाला सात दिवस मिळतात: तेवढेच पैसे द्या आणि ठेवा, किंवा सोडा आणि बदल्यात ड्राफ्टमधले हक्क घ्या. किती हक्क, हे रकमेच्या पायऱ्यांवर ठरतं.

13 ऑगस्ट 2024 ला सेंट लुईस ब्लूजनं एकाच दिवशी दोन ऑफर शीट आणल्या. बचावपटू फिलिप ब्रोबर्गला दोन हंगाम, वर्षाला 45,80,917 डॉलर. हॉलोवेला दोन हंगाम, 22,90,457. हे विचित्र आकडे नीट बघा. पहिली रक्कम दुसऱ्या फेरीचा एकच हक्क द्यावा लागणाऱ्या पायरीची शेवटची होती. दुसरी, तिसऱ्या फेरीच्या पायरीची शेवटची. एक डॉलर वर गेलं असतं तर ब्लूजला जास्त किंमत मोजावी लागली असती. त्यांनी ऑयलर्सची कॅप मोजली, पायऱ्या मोजल्या, आणि नेमकं तिथं बोट ठेवलं.

ऑयलर्सकडे जागा नव्हती, कारण 1 जुलैला ती विंगरांवर आणि जुन्या मंडळींच्या नव्या करारांवर खर्च झाली होती. 20 ऑगस्टला त्यांनी दोघांनाही सोडलं. 1 जुलैचा आनंद आणि 20 ऑगस्टचं नुकसान हा एकाच खर्चाचा हिशेब आहे, हे मला तेव्हा दिसलं नाही.

तुम्ही काय करायचं? जूनमध्येच संघातल्या आरएफए खेळाडूंची नावं तक्त्यात वर्तुळात घ्या. प्रत्येकाला बाजारात किती मिळेल याचा अंदाज लिहा आणि ती रक्कम कॅपमधून आधीच वजा करा. 1 जुलैची खरेदी झाल्यावर उरलेल्या जागेत ती वर्तुळं बसत नसतील, तर संघ धोक्यात आहे. ऑफर शीट दर वर्षी येतातच असं नाही. पण ज्याच्याकडे जागा नाही, त्याच्याकडेच दुसऱ्यांची नजर जाते.

## 6. डेप्थची परीक्षा: दोन नावं खोडून बघा

"आपल्याकडे डेप्थ आहे" हे वाक्य उन्हाळ्यात सगळेच संघ बोलतात. तपासायची माझी रीत साधी आहे. ऑक्टोबरचा तक्ता घ्या. पहिल्या लाइनीतला एक फॉरवर्ड आणि पहिल्या जोडीतला एक बचावपटू खोडा. सगळ्यांना एकेक पायरी वर चढवा. आता चौथ्या लाइनीत आणि तिसऱ्या जोडीत कोण आलं? त्यांची नावं लिहिताना पेन थबकलं, तर डेप्थ नाही.

हा खेळ काल्पनिक नाही. 2025 च्या प्लेऑफमध्ये ऑयलर्सचा बचावपटू मॅटियास एकहोल्म बराच काळ बाहेर होता आणि झॅक हायमन फायनलला नव्हताच. एक मोठा फॉरवर्ड, एक मोठा बचावपटू, वर्षाच्या सगळ्यात मोठ्या सामन्यांत.

तीन जागांकडे जास्त बारकाईनं बघा.

बचावाची उजवी बाजू. बचावपटू काठी डाव्या हातानं धरतो की उजव्या, यावर त्याची बाजू सोपी किंवा अवघड होते. उजव्या हाताचे चांगले बचावपटू कमी मिळतात. 2024 च्या फायनलपर्यंत गेलेल्या ऑयलर्सच्या संघातले तीन बचावपटू ऑगस्टअखेर दुसरीकडे होते: ब्रोबर्ग, आणि उजव्या हाताचे कोडी सीसी आणि व्हिन्सेंट देशार्ने. सीसीच्या बदल्यात टाय एम्बरसन आला. तो तरुण आणि स्वस्त होता, पण अनुभव थोडा. ती भोकं भरायला संघाला जानेवारीत जॉन क्लिंगबर्गला करारबद्ध करावं लागलं आणि मार्चमध्ये सॅन होजेकडून जेक वॉलमन आणावा लागला. वॉलमनसाठी पहिल्या फेरीचा हक्क गेला. ब्रोबर्गच्या बदल्यात दुसऱ्या फेरीचा मिळाला होता. उन्हाळ्यातल्या भोकाची किंमत मार्चमध्ये अशी चुकवावी लागते.

तिसरा सेंटर. समोरच्या संघाच्या मोठ्या लाइनींपुढे उभं राहायचं काम याचं. 2025 मध्ये फ्लोरिडाची तिसरी लाइन बघा: सेंटरला अँटन लुंडेल, बाजूंना ईटू लुओस्टारिनेन आणि मार्चमध्ये बोस्टनहून आणलेला ब्रॅड मार्शंड. फायनलमध्ये ऑयलर्सला या तिसऱ्या लाइनीनं जेरीस आणलं, हे मी प्रत्येक सामन्याला बघत होतो.

दुसरा गोलरक्षक. पहिला गोलरक्षक साधारण 50 ते 60 सामने खेळतो. उरलेले दुसऱ्याच्या माथी. केल्विन पिकार्डचं नाव उन्हाळ्याच्या चर्चेत कुणी घेत नव्हतं. 2025 च्या प्लेऑफमध्ये लॉस एंजेलिसविरुद्ध पहिले दोन सामने हरल्यावर तो उभा राहिला आणि जखमी होईपर्यंत लागोपाठ सहा सामने जिंकून दिले. फायनलच्या चौथ्या सामन्यात संघ 0-3 मागे असताना तो पुन्हा आत आला आणि ऑयलर्स 5-4 जिंकले. दुसऱ्या गोलरक्षकाची चौकट कधी रिकामी सोडू नका.

## 7. आकड्यांची दोन भुलावणं

पहिलं, फटक्यांपैकी गोलांची टक्केवारी. फॉरवर्डची साधारण 10 ते 12 टक्के असते. एखाद्या वर्षी कुणाची एकदम दुप्पट झाली तर ते टिकेल असं धरू नका. व्हेगासच्या विल्यम कार्लसननं 2017-18 मध्ये 184 फटक्यांत 43 गोल केले, म्हणजे 23 टक्क्यांहून जास्त. पुढच्या हंगामात 24 झाले. तो वाईट खेळाडू झाला नव्हता, नशीब जागेवर आलं होतं. ऑयलर्सच्या लिऑन ड्रायसायटलसारखे काही जण वर्षानुवर्षं उंच टक्केवारी ठेवतात, त्यांचं वेगळं. म्हणून किमान तीन हंगाम बघा.

दुसरं, शेजार. मॅकडेव्हिडच्या बाजूला खेळून झालेले गोल त्या विंगरचे किती आणि मॅकडेव्हिडचे किती? उलटही खरं: महागड्या शेजाराचं आश्वासन देऊन आणलेला विंगर तिथे जमला नाही की खाली घसरतो. स्किनर एक हजाराहून जास्त सामने खेळून पहिल्यांदा प्लेऑफला पोहोचला आणि त्यातले बरेच सामने त्याला बाहेर बसावं लागलं. मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं. तो आपला खेळ खेळत होता, आम्हीच त्याला चुकीच्या चौकटीत लिहिलं होतं.

## 8. वेव्हर्सवर नजर ठेवा

अनुभवी खेळाडूला एएचएलमध्ये पाठवायचं तर आधी वेव्हर्सवर ठेवावं लागतं. 24 तासांत बाकीच्या 31 संघांपैकी कुणीही त्याला त्याच्या करारासकट उचलू शकतो. सप्टेंबरअखेर 23 ची यादी करताना डझनावारी नावं यात येतात. आपल्या संघात जास्त झालेले कोण आणि त्यातलं कोण गमावलं जाईल, हे तक्त्यावरून दिसतं.

गुस्ताव फोर्सलिंगला कॅरोलिनानं जानेवारी 2021 मध्ये वेव्हर्सवर ठेवलं, फ्लोरिडानं उचललं, आणि तो त्यांच्या दोन्ही कपांतला पहिल्या फळीचा बचावपटू झाला. ऑयलर्सनं नोव्हेंबर 2024 मध्ये कॅस्पेरी कपानेन असाच उचलला, तोही सेंट लुईसकडूनच. 14 मे 2025 ला व्हेगासला बाहेर काढणारा जादा वेळेतला एकमेव गोल त्याचा. आमच्या घरात त्या रात्री शेजारी जागे होतील इतका आरडाओरडा झाला.

## 9. निकाल कधी लिहायचा

ऑयलर्स 2024-25 मध्येही फायनलला पोहोचले. मग उन्हाळा चांगला होता का? माझं उत्तर नाही असंच आहे. ते पोहोचले ते मॅकडेव्हिड-ड्रायसायटलमुळे, पेरी, पिकार्ड आणि कपानेनमुळे, आणि मार्चमध्ये पहिल्या फेरीचा हक्क मोडून केलेल्या डागडुजीमुळे. उन्हाळ्याचं माप काढताना हंगामात केलेली दुरुस्ती वेगळी काढा.

मी तीन वेळा लिहितो. पहिल्यांदा ऑक्टोबरच्या पहिल्या यादीच्या दिवशी, तारखेसकट, एका पानात, आणि ते नंतर खोडत नाही. दुसऱ्यांदा साधारण 20 सामने झाल्यावर, डिसेंबरच्या तोंडावर, जेव्हा लाइनी स्थिर झालेल्या असतात. तिसऱ्यांदा मार्चच्या ट्रेडची मुदत संपल्यावर, कारण संघानं त्या दिवशी काय विकत घेतलं यावरून उन्हाळ्यात त्याला काय कमी पडलं ते कळतं. त्या दिवशी ऑक्टोबरचं पान शेजारी उघडं ठेवा आणि उन्हाळ्यात रिकाम्या राहिलेल्या चौकटी एकेक करून ताडून बघा.